बैल नसलेली गाडी



यवतमाळ जिल्ह्यांत, उमरखेड तालुक्यांत, ढाणकी नांवाचें एक गांव आहे. त्या गांवचा मी एक जुना शाळामास्तर. शाळेंतून निवृत्त होऊन कांहीं वर्षें झालीं, तरी मुलें दिसलीं कीं त्यांना कांहींतरी समजावून सांगावें, ही खोड अजून गेलेली नाहीं. आज मी तुम्हांला मोटारीची ओळख करून देणार आहें. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मोटारीची ओळख ती काय करून द्यावयाची? ती तर आमच्या दारांतच उभी असते." खरें आहे. परंतु ती कशाच्या बळावर पळते, वळते कशी, आणि विशेषेंकरून थांबते कशी, असें विचारलें म्हणजे पुष्कळ मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. म्हणून आज तिची नीट ओळख करून घेऊं. जवळ आईवडील बसले असतील तर त्यांनाहि बसूं द्या. शेवटीं त्यांच्याशींहि दोन शब्द बोलावयाचे आहेत.

मोटार समजून घ्यावयाची असेल तर आधीं बैलगाडी समजली पाहिजे. आमच्या वऱ्हाडांत बैलगाडीला बंडी म्हणतात. पोळ्याच्या दिवशीं शहरांतलीं मुलें मातीचे किंवा लांकडी बैल मिरवितात. त्या बैलांच्या मागें जी गाडी जोडतात तीच बंडी समजा. तिला दोन चाकें असतात. चाकाच्या मधोमध तुंबा असतो, तुंब्यापासून चोहोंकडे आरे गेलेले असतात, आणि बाहेरून लोखंडाची धाव चढविलेली असते. दोन चाकांना जोडणारा दांडा तो आख. आखावर चाक सहज फिरावें म्हणून तुंब्यांत वंगण घालतात. पुढें बैलांच्या मानेवर जूं असतें. बैलांना वळविण्यासाठीं हांकणाऱ्याच्या हातांत कासरा असतो.

आतां मोटारीकडे पाहा. चाकें आहेतच; दोनांचीं चार झालीं एवढेंच. आख आहे. वंगण तर बंडीपेक्षां किती तरी अधिक लागतें. लोखंडाच्या धावेच्या जागीं हवेनें भरलेला रबरी टायर आला. ह्या टायरची कथा तुमच्यासारख्याच एका लहान मुलाशीं निगडित आहे. आयर्लंडमधील बेलफास्ट शहरांत जॉन बॉयड डनलॉप नांवाचे एक पशुवैद्य राहत. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल फरसबंदीवर खडखडे आणि पोराला धक्के बसत. तेव्हां त्यांनीं रबराची नळी हवेनें फुगवून ती चाकांवर बसविली, आणि १८८८ सालीं त्या युक्तीचें पेटंट घेतलें. तीच युक्ती पुढें मोटारीला लाभली.

कासऱ्याच्या जागीं मोटारींत एक गोल चाक असतें. त्याला कोणी सुकाणू म्हणतात, कोणी स्टिअरिंग. तें उजवीकडे फिरविलें कीं पुढचीं दोन चाकें उजवीकडे वळतात, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळी गाडी वळते. आपल्या भाषेनें कशी जुनी आठवण जपली आहे पाहा! बैल हांकावयाचे, तशीच मोटारहि हांकावयाची, असेंच आपले वाडवडील म्हणत आले.

मग बैल कोठें गेले? बैल गेले मोटारीच्या पोटांत. पुढचें झांकण उघडलें म्हणजे जें काळें, तेलकट यंत्र दिसतें तें इंजिन. तेच मोटारीचे बैल. बैलांना कडबा आणि ढेप लागते, इंजिनाला पेट्रोल किंवा डिझेल लागतें. बैल पाणी पितात, इंजिनालाहि पाणी लागतें. मात्र तें तहान भागविण्यासाठीं नव्हे, तर तापलेलें अंग निववण्यासाठीं.

पेट्रोल खाऊन इंजिन बळ कसें देतें, तें आतां पाहूं. रंगपंचमीची पिचकारी तुम्हीं सर्वांनीं हातांत धरलेली आहे. तिच्या नळींत एक दट्ट्या असतो. तो मागें ओढला कीं रंगाचें पाणी आंत येतें, पुढें ढकलला कीं बाहेर उडतें. इंजिनांत अशींच जाड भिंतींचीं नळकांडीं असतात. लहान मोटारींत बहुधा तीन किंवा चार. प्रत्येक नळकांड्यांत एक दट्ट्या वरखालीं सरकत असतो. पहिल्या खेपेस तो खालीं येतो आणि हवा व पेट्रोलची वाफ आंत ओढून घेतो. दुसऱ्या खेपेस तो वर जातो आणि तें मिश्रण घट्ट दाबतो. इतक्यांत विजेची एक ठिणगी पडते. मिश्रण भडकतें आणि त्या भडक्याच्या जोरानें दट्ट्या खालीं ढकलला जातो; ही तिसरी खेप. चौथ्या खेपेस तो वर येतांना जळालेला धूर बाहेर लोटून देतो. ओढणें, दाबणें, भडकणें आणि सोडणें, असा हा चार खेपांचा खेळ आहे. जर्मनींत निकोलाउस ऑटो ह्या गृहस्थांनीं १८७६ सालीं ह्या रीतीचें इंजिन चालवून दाखविलें. इंजिन मिनिटाला दोन हजार वेळां फिरत असेल, तर प्रत्येक नळकांड्यांत मिनिटाला एक हजार भडके उडतात. म्हणून ते आपल्याला निरनिराळे ऐकूं येत नाहींत. त्यांची मिळून एक घरघर होते.

पण दट्ट्या तर वरखालीं सरकतो, आणि चाक गोल फिरतें. ही सांगड कशी घालावयाची? सायकल चालवितांना तुमचा गुडघा पाहा. तो वरखालीं होतो, आणि पायडल मात्र गोल फिरतें. इंजिनांतहि दट्ट्याच्या खालीं पायडलासारखाच एक वांकडा दांडा असतो. दट्टे त्याला आळीपाळीनें ढकलतात आणि तो गरगर फिरतो. तें फिरणें गिअरच्या दांतेरी चाकांतून मोटारीच्या चाकांपर्यंत पोंचतें. गिअर कशाला, असें विचाराल. सामानानें भरलेली बंडी चढावर ओढतांना बैल हळूहळू, पण जोर लावून चालतात. मोकळी बंडी सपाट रस्त्यावर असली कीं तेच बैल दुडदुडत धांवतात. इंजिनाला हा शहाणपणा आपला आपण नसतो. चढावर जोर जास्त आणि वेग कमी, सपाटीवर वेग जास्त आणि जोर कमी, ही अदलाबदल गिअर करून देतो.

बैल नसलेली ही गाडी पहिल्यानें रस्त्यावर आणली ती जर्मनींतील कार्ल बेंझ यांनीं. त्यांनीं २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पण ती गाडी विकत घेण्यास लोक धजत नव्हते. ही फटफटणारी पेटी दूरच्या प्रवासाला कशी पुरी पडेल, अशी त्यांना शंका वाटे. ती शंका दूर केली बेंझ यांच्या पत्नीनें. तिचें नांव बेर्टा. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत, एके दिवशीं पहांटे, नवऱ्याला न सांगतां तिनें मोटार बाहेर काढली, ऑयगेन आणि रिचर्ड ह्या आपल्या दोन मुलांना बरोबर घेतलें, आणि मानहाइम गांवाहून ती प्फोर्झहाइम ह्या आपल्या माहेरीं निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. त्या काळीं पेट्रोलचे पंप कोठून असणार! वाटेंत इंधन संपत आलें, तेव्हां वीसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून तिनें डाग काढण्याचें एक तेल विकत घेतलें आणि त्यावर गाडी चालविली. इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. चढ आला कीं दोघे मुलगे खालीं उतरून गाडी ढकलीत.

चढ तर मुलांनीं निभावला. पण उतारावर काय करावें? त्या मोटारीचा ब्रेक म्हणजे चाकाला दाबून धरणारा लांकडाचा ठोकळा होता. उतारावर तो झिजून गेला. मग बेर्टाबाईनीं वाटेंतल्या एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडें ठोकून घेतलें आणि पुढची वाट धरली. माहेरीं पोंचल्यावर त्यांनीं नवऱ्याला तार केली. परत आल्यावर त्यांनीं सुचविलें, कीं चढासाठीं आणखी एक गिअर गाडीला हवा; बेंझ यांनीं तो बसविला. मुलांनो, ह्या प्रवासाची गोष्ट सांगतांना लोक बहुधा टांचणीची गंमत सांगतात. मला मात्र त्या चांभाराचें चामडें अधिक मोलाचें वाटतें. पळावयाचें कसें हें मोटारीला आधींच येत होतें. थांबावयाचें कसें हें तिला अजून धड येत नव्हतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर दिसूं लागल्या. पुढें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीनें परदेशांतून आणलेले सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्यास आरंभ केला. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी मोटार मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून पिढ्यान्पिढ्या धांवली. त्या जातीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. खेडोपाडींच्या लोकांना मात्र मोटारीचा खरा परिचय झाला तो एस. टी.मुळें. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं अहमदनगर ते पुणें ह्या रस्त्यावर धांवली. पुढें १९९८ सालीं टाटांनीं इंडिका ही मोटार लोकांपुढें आणली. ती पुण्याजवळच्या पिंपरीच्या कारखान्यांत तयार होई.

हा झाला इतिहास. आतां मी तुम्हांला मुख्य गोष्ट सांगतों, ती कान देऊन ऐका.

बंडीपुढून बैल गेले, त्यांच्या जागीं इंजिन आलें. ह्या अदलाबदलींत आपल्याला पुष्कळ मिळालें. जेम्स वॅट ह्या यंत्रकारानें अठराव्या शतकांत यंत्राचें बळ घोड्यांच्या बळाशीं ताडून मोजण्याची रीत पाडली. त्या मापानें आजच्या लहानशा मोटारींतहि साठ-सत्तर घोड्यांचें बळ असतें. परंतु बैल गेले तेव्हां त्यांच्याबरोबर आणखीहि एक वस्तु गेली, आणि ती इंजिनानें भरून दिलेली नाहीं. ती वस्तु म्हणजे बैलांचे डोळे.

शेतकऱ्याला विचारून पाहा. दिवसभर राबून दमलेला धनी बंडींतच आडवा होतो, त्याला डुलकी लागते, आणि बैल आपले आपण घराची वाट चालत राहतात. वाटेंत खड्डा आला तर कडेनें जातात. एखादें रांगतें पोर समोर आलें तर कान टवकारून उभे राहतात. हांकणारा निजला तरी बंडीला दोन जोड्या डोळे उरतात. मोटारीचें तसें नाहीं. तिच्या तोंडावर ते दोन मोठे दिवे दिसतात ना, ते डोळ्यांसारखे दिसले तरी डोळे नव्हेत. ते उजेड पाडतात, पाहत नाहींत. मोटारीला तुम्ही दिसत नाहीं. तिला तुमचें नांव ठाऊक नाहीं, तुमची दया येत नाहीं, आणि तुमचा रागहि येत नाहीं. तिच्यांत जे काय डोळे आहेत ते हांकणाऱ्याचे. आणि ते चुकले, मिटले किंवा हातांतल्या फोनकडे वळले, तर त्या क्षणीं साठ घोडे आंधळे होऊन धांवत असतात. आजकाल कांहीं नव्या मोटारींत समोरची वस्तु ओळखून आपोआप ब्रेक लावणारीं यंत्रें बसविलेलीं असतात. तीं चांगलींच आहेत. पण आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत तीं नाहींत, आणि ज्यांत आहेत त्यांचीहि तीं दर वेळीं हमी देत नाहींत.

तुम्ही म्हणाल, "हांकणाऱ्यानें आम्हांला पाहिलें म्हणजे झालें. तो लगेच थांबेल." येथेंच सर्वांची फसगत होते. एक प्रयोग करूं. शाळेंत असतांना मी हा प्रयोग मुलांकडून करवून घेत असें. मैदानावर चुन्यानें एक रेघ ओढा. एकानें लांबून जीव खाऊन धांवत यावें, आणि तो रेघेवर येतांच दुसऱ्यानें शिट्टी वाजवावी. शिट्टी ऐकतांच धांवणाऱ्यानें जागच्या जागीं थांबावयाचें. थांबतां येतें का? कोणालाच येत नाहीं. कोणी चार पावलें पुढें जातो, कोणी सहा. कारण शिट्टी कानांत शिरून पायांना हुकूम पोंचेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि हुकूम पोंचल्यावरहि अंगांतला वेग एकदम मरत नाहीं.

मोटारीचेंहि असेंच. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत आठ मीटरांहून अधिक पुढें जाते. हांकणाऱ्यानें धोका पाहून पाय ब्रेकवर नेईपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच आठ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबेपर्यंत आणखी पांच मीटर. एकूण तेरा. आतां वेग दुप्पट करा, ताशीं ६० किलोमीटर. तुम्हांला वाटेल, तेराचे सव्वीस होतील. नाहीं. पहिल्या सेकंदाचे सतरा मीटर, आणि ब्रेक लागल्यानंतरचे जवळजवळ वीस. एकूण सदतीस! वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यानंतरचें अंतर चौपट होतें, हा सृष्टीचा नियम आहे. तो कोणाच्याहि ओळखीनें बदलत नाहीं. तुमचें एक पाऊल अर्ध्या मीटराचें धरलें तर सदतीस मीटर म्हणजे चौऱ्याहत्तर पावलें. उद्यां अंगणांत किंवा मैदानावर तीं मोजून पाहा, आणि शेवटच्या पावलावर उभे राहून मागें वळून पाहा. म्हणजे माझें म्हणणें डोळ्यांना पटेल.

आणि हें कोरड्या रस्त्याचें झालें. आमच्या भागांत पावसाळ्यांत ट्रॅक्टरांच्या चाकांना चिकटून शेतांतली काळी माती डांबरी रस्त्यावर येते. वरून पावसाची भुरभुर झाली कीं त्या मातीचा असा कांहीं राप बसतो, कीं रस्त्याला साबण लावल्यासारखें होतें. तेथें ब्रेक दाबला तरी चाक फिरावयाचें थांबतें, मोटार थांबत नाहीं; ती घसरत जाते.

म्हणून, बालमित्रांनो, मोटारीला डोळे नाहींत हें एकदां समजलें, म्हणजे आपले डोळे कोठें वापरावयाचे हेंहि समजतें. आपल्या देशांत वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. म्हणून रस्ता ओलांडतांना प्रथम उजवीकडे पाहावें, मग डावीकडे, आणि पुन्हां एकदां उजवीकडे. जेथें पायवाट नसेल तेथें रस्त्याच्या उजव्या कडेनें चालावें. म्हणजे समोरून येणारें वाहन आपल्याला दिसतें. एस. टी.तून उतरल्यावर तिच्या पुढून धांवत रस्ता ओलांडूं नये. गाडी निघून जाऊं द्यावी, रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसावा, मग जावें. आणि आतां विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांत नळकांडीं नाहींत, भडके नाहींत. बॅटरींतली वीज एक चक्र फिरवते, घरांतला पंखा फिरतो तशी. धूर नाहीं ही मोठीच सोय झाली. परंतु सावकाश जातांना ती गाडी फारसा आवाज करीत नाहीं. तेव्हां कानांवर विसंबून रस्त्यांत पाऊल टाकण्याचे दिवस संपले. डोळ्यांनींच पाहिलें पाहिजे.

उभी असलेली मोटार निरुपद्रवी, असेंहि समजूं नका. तिच्या मागें किंवा खालीं चेंडू गेला तर स्वतः वांकूं नका, मोठ्या माणसाला सांगा. वडिलांना हांकणाऱ्याच्या जागेवर बसवा, गाडी बंद असूं द्या, आणि गाडीच्या अगदीं मागें एक बादली ठेवून त्यांना विचारा, "बादली दिसते का?" ती दिसणार नाहीं. तुम्ही तेथें उकिडवे बसलांत तर तुम्हीहि दिसणार नाहीं. आणखी एक. लपंडाव खेळतांना बंद मोटारींत कधींहि लपूं नका. बंद गाडींतला उष्मा पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनीं चढतो. आमच्या यवतमाळकडे उन्हाळ्यांत बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात. मग आंत काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा. दार आंतून उघडतां आलें नाहीं तर हा खेळ जिवावर बेततो.

आतां आईवडिलांशीं दोन शब्द. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. म्हणजे दररोज सरासरीनें चारशें साठांहून अधिक. यांतला प्रत्येक आंकडा हें कोणाच्या तरी घरचें माणूस होतें. पुष्कळ घरांत लहान मुलाला पुढच्या बैठकीवर, मांडीवर घेऊन बसण्याची हौस असते. बंडी एकाएकीं थांबली म्हणजे आपण पुढें झुकतों, हा अनुभव जुन्या माणसांना आहे. मोटार ताशीं ५० किलोमीटर वेगांतून एकदम आदळून थांबली तर मांडीवरचें मूल कितीहि घट्ट धरलें तरी हातांत राहत नाहीं. आईच्या मायेंत कमी असतें म्हणून नव्हे, तर त्या झटक्यापुढें कोणाचेहि हात पुरे पडत नाहींत म्हणून. १९५९ सालीं स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे निल्स बोलिन यांनीं छातीवरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा योजिला. तो आज प्रत्येक मोटारींत आहे. तो लावा, मुलांना मागें बसवा, आणि अगदीं लहान मुलांसाठीं त्यांच्या मापाची वेगळी बैठक घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं सुधारणा झाली. तिच्याप्रमाणें चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा अशी बैठक नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीनें नव्हे, मुलाच्या लोभानें तें करा.

त्याच सुधारणेनें आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. अठरा वर्षांखालील मुलानें मोटार हांकून गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. "आमचा बाळू आठवींतच गाडी चालवितो," असें कौतुकानें सांगणारे पालक मला भेटतात. बाळूच्या हातांत गाडी सरळ चालते, यांत नवल नाहीं. सत्तर घोड्यांना पळवावयास अंगठ्याएवढें बळ पुरतें. त्यांना थांबवावयास मात्र समज लागते, आणि ती वयाबरोबरच येते.

शेवटीं, आमच्या खेड्यांतल्या बंडीची एक विनंति. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या उमरखेडवरून जातो. त्या रस्त्यावर भरधांव मोटारी असतात, आणि हंगामांत कापसानें भरलेल्या बंड्या व उसाच्या ट्रॉल्याहि असतात. बंडीला मागें दिवा नसतो. अंधारांत मागून येणाऱ्या मोटारीला ती दिसते तेव्हां सदतीस मीटर उरलेले नसतात. बंडीचे बैल डोळस खरे, पण ते पुढें पाहतात. मागचें त्यांनाहि दिसत नाहीं. बाजारांत ज्याला रेडियम म्हणतात तो चमकणारा कागद थोड्या पैशांत मिळतो. तो बंडीच्या मागच्या फळीवर चिकटविला, तर मोटारीच्या दिव्यांच्या उजेडांत दुरूनच लखलखतो. शहरांतल्या मुलांनो, सुटींत आजोळीं जाल तेव्हां दोन हात रेडियम बरोबर न्या. मामांच्या बंडीला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला स्वतःच्या हातानें तो लावा. तुमच्या सायकलच्या मागेंहि लावा.

तर आजचा अभ्यास ध्यानांत ठेवा. चौऱ्याहत्तर पावलें मोजावयाचीं, मोटारीमागें बादली ठेवून पाहावयाची, आणि मामांच्या बंडीला रेडियम लावावयाचें. पाटीपेन्सिलीचें कांहीं काम नाहीं. हा अभ्यास तपासावयास मी येणार नाहीं; तो आईवडिलांनीं तपासावा.

नमस्कार.